सातनाला आणि मत्तडी

माहात्म्ये लिहिली गेली ती मोठ्या नद्यांची. गौतमीचे माहात्म्य ब्रह्मपुराणात आहे. नर्मदेची तर परिक्रमाच होते. परंतु ज्या ओढ्यावर एखाद्या गावाची गुरे पाणी पितात, ज्याच्या काठच्या विहिरींना उन्हाळ्यातही ओल राहते आणि ज्याला श्रावणात पूर आला की शाळेतील मुले अलीकडच्या काठावर अडकून पडतात, त्याचे माहात्म्य कोणी लिहीत नाही. त्याला नाव मात्र असते. हे नाव कोणी ऋषीने ठेवलेले नसते. काठावर राहणाऱ्यांनी ते आपल्या सोयीने, आपल्या भाषेत ठेवलेले असते. आणि म्हणूनच भाषेच्या व वसाहतीच्या इतिहासाला पुष्कळदा ते पुराणातील नावापेक्षा अधिक उपयोगी पडते. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरच्या परिसरात असे काही ओढे आहेत. त्यांपैकी दोघांच्या नावांचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

भीमपूर हे आदिलाबाद शहराच्या उत्तरेकडील शेतकऱ्यांचे गाव. पूर्वी ते तामसी मंडलात होते. 2016 साली तेलंगणात जिल्ह्यांची व मंडलांची नवी मांडणी झाली तेव्हा ते स्वतः मंडलाचे ठाणे झाले. मंडलाच्या उत्तर अंगाने पैनगंगा वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्हा आणि टिपेश्वरचे अभयारण्य. तेथील वाघ नदी उतरून भीमपूरकडच्या शिवारात येतात. त्यांना राज्याची सीमा ठाऊक नाही. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे; त्याखालोखाल सोयाबीन, तूर, ज्वारी. गावात तेलुगू आहे, मराठी आहे, गोंडी आहे, कोलामी आहे, आणि बाजारात दख्खनी उर्दूही आहे. एकच मनुष्य दिवसातून तीन भाषा बोलतो आणि त्याचे त्याला काही वाटत नाही.

भीमपूर या नावाशीच क्षणभर थांबावयास हरकत नाही. भीम म्हणताच आपल्याला पांडव आठवतो. परंतु पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर कोलामांची वस्ती आहे आणि त्यांच्या देवांत भीमायक हा मोठा देव. शिवाय याच जुन्या जिल्ह्यातील जोडेघाट येथे 1940 साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेलेला गोंडांचा पुढारी कुमरम भीम. शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्याला आता त्याचे नाव जोडलेले आहे. एका प्रदेशात तीन भीम आहेत. तेव्हा नाव ऐकल्याबरोबर महाभारताकडे धावण्याची आपली सवय येथे थोडी आवरावी लागते.

मंडलातील गावांची नावे पाहावीत: करंजी, पिंपळकोटी, अंतरगाव, निपाणी, धानोरा. कोल्हापूरच्या वा वऱ्हाडच्या वाचकाला ही आपल्याच पंचक्रोशीतील वाटतील. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात पिंपळखुटी हे रेल्वे स्थानक आहे आणि अलीकडे पिंपळकोटी. गोल्लाघाट हे नाव तर अर्धे तेलुगू आणि अर्धे मराठी: गोल्ला म्हणजे गवळी, आणि घाट आपलाच. तामसी (के) असे सरकारी यादीत वाचले की तो ‘के’ खुर्दचा, हे निजामी दफ्तराची ओळख असलेल्यालाच कळते. ज्याला आपण मराठीत बुद्रुक म्हणतो तो फारसीतील बुजुर्ग. येथील याद्यांत तो ‘बी’ या एका अक्षरापुरता उरला आहे. आदिलाबाद हे नावही असेच प्रवास केलेले. जुन्या कागदांत आणि मराठी बोलण्यात ते एदलाबाद असे येते. याच नावाचे दुसरे गाव जळगाव जिल्ह्यात होते. मुक्ताबाईच्या नावाने ते मुक्ताईनगर झाले.

आता ओढ्यांकडे वळू. आदिलाबादच्या दक्षिणेस सातमाळ्याची डोंगररांग वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली आहे. जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत तिला सह्याद्रिपर्वत असेही म्हटले आहे. कोकणच्या वाचकाला हे वाचून नवल वाटेल. या रांगेच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. दक्षिण उतारावरचे पाणी कडम नदीतून थेट गोदावरीला मिळते. वाटेत कुंटाळ्याचा प्रसिद्ध धबधबा आहे. उत्तर उतारावरचे पाणी लहानलहान ओढ्यांनी आदिलाबादच्या काळ्या पठारावर उतरते आणि पैनगंगेस जाते. शेवटी तेही गोदावरीतच जाते, परंतु फार मोठा वळसा घेऊन.

हे उत्तरवाहिनी ओढे वर्षातून चार महिने नदी असतात, चार महिने ओढा, आणि उरलेले चार महिने काही डोहांची एक माळ. डोंगरातून पाणी वेगाने येते, काळ्या मातीत काठ खोल कापले जातात, आणि पठारावर आल्यावर उतार मंदावतो. पैनगंगेला पूर असला म्हणजे ओढ्याच्या पाण्याला मुखाशी वाट मिळत नाही. ते मागे फुगते आणि दोन्ही बाजूंच्या कपाशीत शिरते. पिकाची हानी पुष्कळदा मोठ्या नदीच्या पुराने होते त्याहून या फुगवट्याने अधिक होते, कारण पाणी शेतात दिवसेंदिवस उभे राहते आणि कपाशीची मुळे गुदमरतात. येथील शेतकऱ्याच्या मनात म्हणून ओढ्याचे स्थान नदीहून कमी नाही. त्याच्या नफ्यातोट्याचा हिशेब ओढ्याशीच होतो.

या ओढ्यांत ज्यांना शासनाच्या कागदात कायमचे नाव मिळाले असे दोन म्हणजे सातनाला आणि मत्तडीवागू. दोहोंवर पाटबंधारे खात्याची मध्यम धरणे आहेत. सातनाल्यावरचे धरण पूर्वीच्या जैनड मंडलात, सुमारे 24,000 एकर भिजविण्यासाठी योजलेले. मत्तडीवागूवरचे तामसी मंडलात वड्डाडी गावापाशी, त्याचे लाभक्षेत्र 8,500 एकरांचे. दोन्ही ओढे एकाच पठारावरचे, एकाच पैनगंगेचे; आणि एकाचे नाव तेलुगूत, तर दुसऱ्याचे आपल्याकडचे.

सातनाला म्हणजे सात नाले, हे सांगावयास नको. तेलुगू माणसाने नाव ठेवले असते तर त्यात ‘एडु’ आले असते, ‘सात’ नव्हे. तथापि हा शब्द मराठीचाच असे म्हणून आपण लगेच छाती फुगवू नये. सात आणि नाला हे दोन्ही शब्द दख्खनी उर्दूतही जसेच्या तसे आहेत, आणि येथील दफ्तर निजामाच्या अमलात उर्दूत चाले. आमचा कल मराठीकडे झुकतो तो दुसऱ्या एका कारणाने. ज्या डोंगरातून हे नाले निघतात तो सातमाळा, आणि ‘माळा’ हा शब्द डोंगराच्या ओळीसाठी मराठी मुलखातच रूढ आहे. नाशिककडेही सातमाळा आहे. सातमाळ्यातून सातनाला निघावा, हे नाव देणाऱ्याच्या कानाला साहजिकच बरे वाटले असेल. मग ते नाले खरोखर सातच होते का? नकाशा पुढे घेऊन मोजावयास बसलो तर कोणता फाटा धरावा आणि कोणता सोडावा यावरच वाद होईल. आमच्या लोकांत सात हा आकडा मोजण्यासाठी क्वचितच येतो. सातपुडा, सात समुद्र, आणि पाण्याच्या डोहात वसणाऱ्या साती आसरा, ज्यांना विदर्भ-मराठवाड्यातील बाया आजही हळदकुंकू वाहतात. सात म्हणजे पुष्कळ, आणि शिवाय थोडे पवित्र, इतकाच त्याचा अर्थ घ्यावा.

मत्तडी हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित. तेलुगूत मत्तडी म्हणजे तळ्याचा सांडवा: तळे भरून वाहू लागले म्हणजे जादा पाणी जेथून सोडून देतात ती दगडी सांड. वागू म्हणजे ओढा. म्हणजे मत्तडीवागू हा सांडव्याचा ओढा. तेलंगण हा तळ्यांचा देश. काकतीय राजांच्या काळापासून तेथे बांध घालून पाणी अडविण्याची परंपरा आहे, आणि तळ्याच्या प्रत्येक अंगाला तेलुगूत स्वतंत्र शब्द आहे. आमच्या विदर्भातही भंडाऱ्याकडे कोहळी लोकांनी अशीच तळी बांधली. परंतु वऱ्हाडाच्या काळ्या पठारावर विहीर चालते, तळे फारसे चालत नाही. त्यामुळे पैनगंगेपासून इतक्या जवळच्या ओढ्याला तळ्याच्या शब्दावरून नाव मिळावे ही आम्हांला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. तळी बांधून भात पिकविणाऱ्यांची भाषा कापूस पिकविणाऱ्यांच्या मुलखात कोठवर आली, याची ही एक खूण आहे. आणि योगायोग असा की आता या सांडव्याच्या ओढ्यावर धरण होऊन त्याला खरोखरीचा सांडवा मिळाला आहे.

एक मौज पुढे आहे. तेलुगू बोलणारे सातनाल्याला ‘सातनाला वागू’ म्हणतात. नाला म्हणजेच वागू, तेव्हा हा ‘सात ओढे ओढा’ झाला. व्याकरणकार याला पुनरुक्तीचा दोष म्हणतील. इतिहासकाराने मात्र तिला पुरावा मानावे. जुन्या नावाचा अर्थ नव्या बोलणाऱ्याला लागेनासा झाला की तो त्यापुढे आपला शब्द जोडतो. एखाद्या नावात पाण्याचे किती शब्द आहेत हे मोजले की किती भाषांनी त्या काठावर पाणी भरले याचा अदमास येतो. आपण स्वतः ‘पैनगंगा नदी’ म्हणतो तेव्हा हेच करीत असतो. गंगा हे तर आमच्याकडे नदीचे सामान्यनामच आहे. नांदेडचा मनुष्य गोदावरीला नुसती गंगा म्हणतो, आणि तिच्या काठाला गंगाथडी. पैनगंगेची थोरली शेजारीण वैनगंगा. तिचे प्राचीन नाव बेण्णा असे वाकाटकांच्या ताम्रपटांच्या आधारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी दाखविले आहे. म्हणजे बेण्णेला मागाहून गंगा जोडली गेली आणि तिची वैनगंगा झाली. पैनगंगेतही गंगा हा भाग असाच उत्तरकालीन असावा असे मानण्यास ही चांगली साक्ष आहे.

मग ‘पैन’ कोण? गोंडीत पेन म्हणजे देव. पेनगंगा म्हणजे देवगंगा, अशी व्युत्पत्ती कोणालाही सहज सुचते आणि ऐकावयास ती गोड आहे. परंतु गोड व्युत्पत्तीपासूनच अधिक सावध राहिले पाहिजे. ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असे होत नाही. शिलालेखाचा किंवा जुन्या कागदाचा आधार लागतो. हीच सावधगिरी पुराणाकडे धावणाऱ्यांनीही पाळावी. कुंटाळ्याच्या धबधब्याला लोक शकुंतलेचे नाव सांगतात. तेलुगूत ‘कुंट’ म्हणजे लहान तळे, हा सरळ अर्थ कथेच्या सावलीत झाकला जातो. हिंगोलीजवळून वाहत येऊन पैनगंगेस मिळणाऱ्या कयाधूचे नाव प्रल्हादाच्या आईचे. पुसदला ज्या पूस नदीवरून नाव मिळाले तिला पुष्पवंती म्हणून सजविण्यात येते. नदी पुराणात गेली की तिचा मान वाढतो हे खरे. परंतु शेजाऱ्याने तिला काय म्हणून हाक मारली होती हे कळण्याची वाट त्याने बुजते. त्या मानाने यवतमाळकडच्या वाघाडी आणि खुनी या नद्या नशीबवान म्हटल्या पाहिजेत. त्यांची नावे सुंदर करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

गोंडीचा येथे आणखी एक धागा आहे. गोंडीत पाण्याला एर म्हणतात. तेलुगूत एरु म्हणजे ओढा वा नदी. एकाच द्राविडी शब्दाचा अर्थ एका भाषेत पाणी आणि दुसरीत पाण्याची वाट असा झाला. गोमंतकीय वाचकांना हे चमत्कारिक वाटणार नाही. त्यांचा व्हाळ आणि देशावरचा ओहोळ हे एकाच घरचे, पण व्हाळ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे माडांच्या कुळागरातून वाहणारे बारमाही पाणी असते आणि ओहोळ म्हणताना आमच्यापुढे कोरडी वाळू. न्हंय आणि नदी यांतही असेच अंतर आहे.

नावाच्या बाबतीत गोव्याच्या नद्या तर आणखी बोलक्या आहेत. डोंगरात जी म्हादई तीच खाली मांडवी. सावंतवाडीकडे जी बांद्याची नदी ती समुद्राजवळ तेरेखोल. तिलारीचे पाणी पुढे शापोऱ्याच्या नावाने समुद्रास मिळते. एका प्रवाहाला एकच नाव असले पाहिजे ही कल्पना नकाशा काढणाऱ्याची आहे. काठावर राहणाऱ्याची नव्हे. काठावरचा मनुष्य आपल्या वाट्याच्या पाण्याला नाव देतो. वरच्या गावाचे पाणी त्याचे नसते, म्हणून त्याचे नावही त्याला लागत नाही. हा भेद नुसता शब्दांचा नाही. म्हादईच्या पाण्याचा तंटा निवारण्यासाठी 2010 साली लवाद नेमला गेला आणि त्याचा निवाडा 2018 साली आला; त्या लवादाच्या नावातच ती ‘महादयी’ झालेली आहे. गोव्यात तिला म्हादई म्हणतात. ज्या नावाने नदी न्यायासनापुढे उभी राहते ते तिच्या लेकरांच्या तोंडचे नसावे, हे वाचून कोणाही गोमंतकीयाला काय वाटत असेल याची कल्पना आम्ही करू शकतो.

भीमपूरकडच्या ओढ्यांवर कोणी लवाद बसविणार नाही. तेथे हानी मुकाट्याने होते. धरण बांधले की प्रकल्पाला नाव द्यावे लागते. ज्या गावापाशी भिंत उठते तेथले नाव फायलीत जाते, आणि फायलीतून संपूर्ण प्रवाहाला लागते. सातनाला हे तर अलीकडे एका नव्या मंडलाचेही नाव झाले आहे. जे नाव जिंकले त्याचे आम्हांला दुःख नाही. परंतु वरच्या फाट्यांना आणि मधल्या वळणांना निरनिराळी नावे असतात: कोठे वडाच्या झाडावरून, कोठे उतारावरून, कोठे पूर्वी बुडालेल्या कोणा माणसावरून. ती कोठेच लिहिली जात नाहीत. वास्तविक त्यांचाच उपयोग शेतकऱ्याला रोज पडतो. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस नाला’ एवढेच लिहून भागते तोवर ठीक. पण जेथे दोन नाले एकाच शिवारात येतात, आणि पुराने त्यांपैकी एक पात्र बदलतो, तेथे कोणता नाला, हा प्रश्न दोन भावांना कचेरीत उभे करतो. जुन्या माणसाने त्या वळणाचे नाव सांगितले तर उलगडा होतो. तो गेला की मोजणीदाराची साखळी आणि वकिलाची जीभ एवढीच उरते.

त्यात येथे सीमेचा प्रश्न. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला तोवर पैनगंगेचे दोन्ही तीर एकाच राज्यात होते. त्या वर्षापासून ती हद्दीची नदी झाली. पुढे 1905 साली आदिलाबाद स्वतंत्र जिल्हा झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा याच जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. राजुरा पुढे चांद्यास जोडला गेला. आदिलाबाद आंध्रात राहिले आणि 2014 पासून तेलंगणात आहे. पैनगंगा वाहते तेथे हद्द निदान डोळ्यांना दिसते. पूर्वेकडे माणिकगडच्या डोंगरात, जेथे अशी नदी नाही, तेथील चौदा गावांवर दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली आहेत. दोन राज्यांनी शिधापत्रिका द्यावी आणि गाव कोणाचे ते ठरू नये, अशी ती स्थिती. भीमपूरच्या करंजी-निपाणीतील मराठी घरांच्या वाट्याला तसले काही आले नाही. मुलगी नदीपलीकडे देतात, सून पलीकडून आणतात. सातबारा मात्र पलीकडेच राहतो, आणि अलीकडे जमिनीचा कागद तेलुगूत येतो. त्या कागदात ओढा आला तर तो वागू होऊन येतो. तो मराठीत नाला आहे, हे घरातल्या बोलण्यापुरते उरते.

येथे कोणाचा अपराध आहे असे आम्ही म्हणत नाही. जैनडच्या देवळात परमार जगद्देवाचे नाव असलेला संस्कृत शिलालेख आहे. माळव्याचा राजपुत्र कल्याणीच्या चालुक्यांच्या चाकरीत असताना या मुलखात त्याचा अंमल होता. तेव्हापासून किती राजभाषा या काळ्या मातीवरून गेल्या, याची मोजदाद सोपी नाही. राजभाषा बदलली तरी ओढ्याचे नाव टिके, कारण ते दफ्तरात नव्हतेच. आता ते दफ्तरात गेले आहे.

पैनगंगेवर जेथे महाराष्ट्र व तेलंगण यांनी 2016 च्या करारानुसार बंधारा घेतला, तेथे नाव देताना एक शहाणपण दिसले. अलीकडचे गाव कोराटा, पलीकडचे चनाखा, बंधारा चनाखा-कोराटा. दोन गावांनी दोन तीर धरून ठेवले आहेत. त्याच योजनेत भीमपूर मंडलातील पिंपळकोटीला जलाशय आहे. त्या पाण्याला तेथील लोक काय म्हणू लागतील हे पाहण्यासारखे ठरेल.

सातनाल्याचे आणि मत्तडीचे पाणी पैनगंगेत गेले की त्यांची नावे संपतात. पैनगंगा घुग्घुसजवळ वढ्याला वर्धेत शिरून आपले नाव सोडते. वर्धा पुढे वैनगंगेस मिळते तेव्हा दोघींचीही नावे जातात आणि प्राणहिता सुरू होते. ती काळेश्वराशी गोदावरीत मावळते. परंतु पाण्याची एक उलटी वाटही या जिल्ह्यात आहे. दर पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापुरात गोंडांच्या मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. त्यापूर्वी कुळातील लोक अनवाणी पायांनी, गावोगाव मुक्काम करीत, गोदावरीपर्यंत चालत जातात आणि झारीत तिचे पाणी भरून डोंगरात परत आणतात. त्या पाण्याला ते गंगाजल म्हणतात. वाटेत झारी जमिनीवर टेकवीत नाहीत. रात्री मुक्कामाला ती झाडाला टांगतात.